उललेल्या गालांवरचा मेकअप: थंडीत बेस फाटू नये म्हणून

निफाडचा पारा एक आकडी झाल्याची बातमी आली, की मला एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. "ताई, फाउंडेशन लावलं की नाकाच्या कडेला सालं दिसतात." "घरातून निघताना छान होतं, हॉलवर पोहोचेपर्यंत गालावर भुकटी उडाल्यासारखं झालं." तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त निघायला लागतात, आणि नेमकी तेव्हाच आमच्या नाशिकची हवा कोरडी पडते. मग संक्रांतीची हळदीकुंकवं, साखरपुडे, ऑफिसातली संमेलनं. मेकअप करायचे दिवस आणि त्वचा उलायचे दिवस आपल्याकडे एकाच वेळी येतात.

मी लग्नांचे मेकअप करते. शिकत होते तेव्हा जानेवारीत मावसबहिणीच्या साखरपुड्याला तिचा मेकअप मी केला. तिच्या दोन भुवयांच्या मध्ये पापुद्रे दिसायला लागले, म्हणून मी त्यावर आणखी फाउंडेशन लावलं. तरी दिसले, म्हणून पावडर दाबली. फोटोत तिचं कपाळ पोपडे सुटलेल्या भिंतीसारखं आलं. ती मला एका शब्दानं बोलली नाही. तो फोटो त्यांच्या घरात अजून भिंतीवर आहे आणि मी गेले की मला आधी तोच दिसतो. पापुद्रे मेकअपमुळे आलेले नव्हते, आदल्या रात्री तिच्या चेहऱ्यावर ते होतेच. मी रंग लावून ते उठावदार केले. हे तेव्हा कळलं असतं तर त्या दिवशी मी हातातला ब्रश खाली ठेवला असता.

म्हणून हा लेख नव्यानं मेकअप करायला लागलेल्यांसाठी. यातलं निम्म्याहून जास्त काम मेकअपच्या डब्याला हात लावण्याआधीचं आहे.

आधी कारण समजून घ्या

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो. या पेशी रोज झडतात, पण एकेक करून सुटतात, त्यामुळे आपल्याला दिसत नाहीत. त्यांना एकमेकींना धरून ठेवणारे दुवे तोडायचं काम त्वचेतली काही विकरं (एन्झाइम) करतात, आणि त्या विकरांना पाणी लागतं. वरच्या थरात पाणी भरपूर असेल तर काम सुरळीत चालतं. ते साधारण १० टक्क्यांच्या खाली गेलं की थर कडक होतो, दुवे नीट तुटत नाहीत आणि पेशी पुंजक्यानं सुटायला लागतात. तो पुंजका म्हणजे आपला पापुद्रा. एक कड उचललेली, दुसरी अजून चिकटलेली.

आता त्यावर फाउंडेशन फिरवा. सपाट जागी रंग सपाट बसतो. उचललेल्या कडेशी तो साचतो आणि तिथे उजेड वेगळा पडतो. वरून फाउंडेशनमधलं पाणी उडून जातं, पावडर उरलंसुरलं तेल शोषून घेते, आणि अर्ध्या तासापूर्वी न दिसणारी कड ठळक होते.

थंड हवेत वाफ कमी मावते, हे याचं मूळ. शून्य अंशाची हवा एका घनमीटरमध्ये जेमतेम ५ ग्रॅम वाफ धरते, २० अंशांची १७ ग्रॅम धरू शकते. टोरांटोत राहणाऱ्या माझ्या भाचीचा चेहरा तिथे पहिल्याच हिवाळ्यात का फुटला, ते या आकड्यांत आहे. बाहेरची ५ ग्रॅमवाली हवा घरात येते, हीटर ती गरम करतो, वाफ मात्र तेवढीच राहते. मग ती हवा मिळेल तिथून पाणी ओढते, चेहऱ्यातूनही. आपल्याकडे हीटर नाहीत, पण उत्तरेकडून येणारे कोरडे वारे आहेत. नाशिक, पुणे, मराठवाडा, विदर्भ इथे दुपारी हवा अगदी सुकी असते. मुंबई-कोकणात समुद्रामुळे इतका त्रास नाही, पण दिवसभर एसीत बसणाऱ्यांना तिथेही हाच अनुभव येतो.

नक्की काय होतंय ते ओळखा

तीन वेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात आणि मग चुकीचा उपाय करतात.

चेहरा धुऊन, काहीही न लावता, दिवसा खिडकीपाशी उभ्या राहा. समोरून उजेड घेऊ नका, तो बाजूनं येऊ द्या. नाकाच्या पाकळ्यांच्या कडा, भुवयांच्या मध्ये, हनुवटीचा खळगा आणि ओठांभोवती बघा. तिथे पांढरट कडा दिसल्या, बोटाला खरखर लागली, तर ते पापुद्रे आहेत. काम त्वचेवर करायचं आहे.

त्वचा गुळगुळीत आहे, पण स्पंज फिरवला की खोडरबराच्या चुऱ्यासारख्या बारीक वळ्या निघतात? मग त्वचेचा दोष नाही. खालची क्रीम, सनस्क्रीन आणि वरचं फाउंडेशन एकमेकांशी जुळत नाहीत, किंवा तुम्ही घाई केली.

तिसरं, सुरुवातीला सगळं ठीक आणि दोन तासांनी हसताना पडणाऱ्या रेषांत थर फाटतो. याला पार्लरमध्ये 'बेस फाटला' म्हणतात. हे बहुतेक वेळा जास्त लावल्यामुळे होतं, त्यातही जास्त पावडरीमुळे.

पापुद्र्यांवर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे. बाकीची दोन त्या ओघात येतील.

आठवडाभर आधी: धुणं बदला

महागडं सिरम आणण्याआधी चेहऱ्याला अंगाचा साबण लावणं बंद करा. साध्या साबणाचा सामू (पीएच) ९ ते १० असतो, त्वचेचा ५ च्या आसपास. धुतल्यावर 'स्वच्छ करकरीत' वाटतं, ते त्वचेतलं तेल निघून गेल्याचं लक्षण आहे. थंडीत रात्री एकदा फेस न होणाऱ्या किंवा कमी फेसाच्या क्लेन्झरनं धुवा. सकाळी नुसतं पाणी पुरतं.

पाणी कोमट. थंडीत बंबातलं किंवा गिझरचं कडकडीत पाणी डोक्यावरून घ्यायचा मोह मलाही होतो, पण ते चेहऱ्यावर घेऊ नका. गरम पाणी त्वचेतली स्निग्धता धुऊन नेतं.

दिवाळीचं उटणं उरलं म्हणून रोज बेसनात कालवून चेहऱ्याला चोळणाऱ्या खूप जणी भेटतात. अभ्यंगाला आधी तेल भरपूर जिरवतात आणि मग उटणं लावतात. आपण तेलाचा भाग सोडला आणि चोळायचा तेवढा ठेवला. उटणं लावायचंच असेल तर तेल लावून, हलक्या हातानं आणि मेकअपच्या दोन दिवस आधी थांबून. मुलतानी माती मात्र हिवाळ्यात कोरड्या चेहऱ्याला नकोच. ती तेल शोषते, आणि तुमच्याकडे द्यायला तेल उरलेलं नाही.

क्रीम कशी निवडायची

डब्यावर 'विंटर केअर' लिहिलंय की नाही याला महत्त्व नाही, मागची यादी वाचा. चांगल्या क्रीममध्ये तीन प्रकारचं काम करणारे घटक असतात.

पाणी धरून ठेवणारे: ग्लिसरीन, हायल्युरॉनिक ॲसिड, पॅन्थेनॉल, युरिया. सुटलेल्या कडा मऊ करून खाली बसवणारे: स्क्वालेन, सिटाइल अल्कोहोल, वनस्पती तेलं. आणि वरून झाकण घालणारे: पेट्रोलियम जेली, डायमेथिकोन, शिया बटर, लॅनोलिन. सिरॅमाइड असेल तर फारच छान, कारण ते त्वचेतल्या पेशींमधला मूळ गिलावाच आहे.

सिटाइल अल्कोहोल किंवा सिटिअरिल अल्कोहोल हे नाव वाचून घाबरू नका. ते मेणासारखे, मऊ करणारे घटक आहेत. यादीत वरच्या बाजूला 'अल्कोहोल डिनॅट', म्हणजे पटकन उडून त्वचा सुकवणारं अल्कोहोल, दिसलं तर मात्र ती बाटली उन्हाळ्यासाठी ठेवा.

घरोघरी ग्लिसरीन आणि गुलाबपाण्याची बाटली असते. ती वाईट नाही, अपुरी आहे. ग्लिसरीन पाणी धरतं, पण वरून झाकण नसेल तर कोरडी हवा ते पाणी उडवून नेते. बाटलीतलं लावल्यावर लगेच वरून क्रीम लावा. नुसतं गुलाबपाणी दिवसातून चार वेळा शिंपडलं तर त्या क्षणी बरं वाटतं, एवढंच.

खोबरेल तेलाबद्दल हमखास विचारतात. तेलात पाणी नसतं, ते असलेलं पाणी अडवतं. म्हणून कोरड्या चेहऱ्यावर न लावता ओलसर चेहऱ्यावर लावा. ज्यांना मुरुमं येतात त्यांनी खोबरेल चेहऱ्यापासून दूरच ठेवा, त्यानं रंध्रं तुंबू शकतात.

आणि लावायची वेळ: चेहरा टॉवेलनं टिपला, घासला नाही, अजून किंचित ओल आहे, तेव्हा. आंघोळ करून कपडे घालून, चहा पिऊन मग क्रीम लावली तर निम्मं पाणी उडून गेलेलं असतं. मी क्रीमचा डबा बाथरूममध्येच ठेवायला सांगते. एवढ्या एका सवयीनं सात-आठ दिवसांत फरक पडलेला मी पुष्कळ जणींत पाहिला आहे.

दोन दिवस आधी: पापुद्रे काढायचे, पण कसे

नव्या मुली सगळ्यात जास्त चुकतात ते इथे. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी पापुद्रे दिसतात, आणि हातात स्क्रब येतो. अक्रोडाच्या कवचाचा, साखरेचा, कॉफीचा. घासल्यावर पाच मिनिटं गुळगुळीत वाटतं. पण सुटायला तयार नसलेल्या पेशीही तुम्ही ओढून काढल्या असतात. खालची कच्ची त्वचा लाल होते, आणखी वेगानं सुकते आणि दुपारपर्यंत नवे पापुद्रे तयार. लिंबू तर मुळीच नको. फुटलेल्या त्वचेवर ते झोंबतं, ते 'काम करतंय' म्हणून झोंबत नसतं.

माझी पद्धत अशी. कार्यक्रमाच्या दोन रात्री आधी चेहरा कोमट पाण्यानं धुवा. खरखरीत जागांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा आणि दहा मिनिटं सोडा. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या मलमलीचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून पिळा, बोटाला गुंडाळा आणि अगदी हलक्या हातानं गोल फिरवा. वजन बोटाचं, जोर नाही. जे सुटायला आलंय ते येईल. जे येत नाही ते तिथेच राहू द्या. लगेच क्रीम.

ज्यांना सवय आहे त्या ५ टक्क्यांच्या आसपासचं लॅक्टिक ॲसिड आठवड्यातून एकदा रात्री वापरू शकतात. ते पेशींमधले दुवे सैल करतं, शिवाय पाणीही धरतं, म्हणून कोरड्या त्वचेला मानवतं. पण ते पहिल्यांदा लग्नाच्या आठवड्यात वापरायचं नाही. आधी जबड्याखाली थोडं लावून दोन दिवस बघायचं, चिरलेल्या त्वचेवर लावायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सनस्क्रीन चुकवायची नाही, कारण त्यानं त्वचा उन्हाला हळवी होते.

याच दिवसांत थ्रेडिंग उरकून घ्या. भुवया आणि वरच्या ओठाचं थ्रेडिंग किंवा चेहऱ्याचं वॅक्सिंग कार्यक्रमाच्या सकाळी केलं, तर तिथली त्वचा सोलवटलेली असते आणि फाउंडेशन बरोबर त्याच पट्ट्यात ठिपक्यांसारखं बसतं. किमान दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवा.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: मुरुमांसाठी रेटिनॉल, ॲडापलिन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड चालू आहे का? या औषधांनी साल निघतेच. तेव्हा हवेला दोष देण्यात अर्थ नाही. डॉक्टरांनी दिलेलं असेल तर मधे काही दिवस थांबवू का, हे त्यांनाच विचारा. मुरुमांच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्सिंगही टाळा, त्वचा सोलून निघू शकते.

आदली रात्र

क्रीम नेहमीपेक्षा जाड. ती जिरल्यावर नाकाच्या कडा, भुवयांमधली जागा, ओठ आणि ओठांचे कोपरे एवढ्याच ठिकाणी पेट्रोलियम जेलीचा पातळ लेप. तेलकट त्वचा असेल तर सगळ्या चेहऱ्याला फासू नका. आमच्या घरात या कामाला कैलास जीवन असायचं, अजूनही असतं. रात्रीला ठीक. सकाळी मेकअपच्या खाली नको, त्याच्या तेलकटपणावर फाउंडेशन घसरतं.

सकाळची तयारी

यासाठी अर्धा तास हातात ठेवा. मेकअपला वीस मिनिटं लागत असतील तर पन्नास मिनिटं आधी बसा. घाईत केलेल्या थरांच्याच वळ्या होतात.

कोमट पाण्याचे चार हबके, टॉवेलनं टिपणं, आणि ओलसर चेहऱ्यावर चवळीच्या दाण्याएवढी क्रीम. खरखरीत जागांना थोडी जास्त. बोटांनी घासू नका, तळव्यांनी दाबत जा. घासलं की रात्रभर बसलेल्या कडा परत उभ्या राहतात. मग दहा मिनिटं सोडून द्या. या वेळात केस करा, साडीच्या निऱ्या घाला.

दहा मिनिटांनी टिश्यू पेपर चेहऱ्यावर ठेवून एकदा हलकं दाबा. वर तरंगणारं जास्तीचं निघेल, जिरलेलं राहील. ही पायरी बहुतेक जणी गाळतात, आणि मग 'क्रीम लावली की मेकअप टिकत नाही' म्हणून क्रीमच गाळतात.

दिवसाचा कार्यक्रम असेल तर सनस्क्रीन. थंडीतही लागते, ऊन मऊ वाटलं तरी अतिनील किरणं असतातच. क्रीमसारखी ओलसर सनस्क्रीन घ्या. झिंक ऑक्साइडवाल्या दाट सनस्क्रीन कोरड्या चेहऱ्यावर पांढऱ्या आणि खडूसारख्या बसतात. लावल्यावर पुन्हा पाच-सात मिनिटं थांबा.

प्रायमर, म्हणजे फाउंडेशनच्या खाली लावायचा थर? तुमची त्वचा खरंच कोरडी असेल तर बहुधा नको. रंध्रं बुजवणारे मॅट प्रायमर तेलकट त्वचेसाठी बनवलेले असतात. लावायचाच असेल तर फाउंडेशनशी जुळतो का ते आधी तपासा. हाताच्या पाठीवर दोन्हींचा एकेक थेंब बोटानं कालवा. एकजीव झाले तर चेहऱ्यावरही पटेल. नासलेल्या दुधासारखे फुटले, तर चेहऱ्यावरही फुटतील. सहसा सिलिकोनवाल्यावर पाणीवालं लावलं की असं होतं. यादीत सुरुवातीलाच '-कोन' किंवा '-सिलोक्सेन' असा शेवट असलेली नावं दिसली की ते सिलिकोनवालं समजा.

फाउंडेशन

डब्यावर 'मॅट', 'ऑइल कंट्रोल', '२४ तास टिकणारं' असे शब्द असतील तर ते मे महिन्यासाठी. त्यात तेल शोषणारे घटक घातलेले असतात. आता 'हायड्रेटिंग', 'ड्युई', 'सॅटिन' असं काही बघा, किंवा रोजच्या वापरासाठी नुसता टिंटेड मॉइश्चरायझर, म्हणजे हलका रंग असलेली क्रीम. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना मी तोच आधी घ्यायला लावते. चुकला तरी वाईट दिसत नाही.

थंडीत फाउंडेशन घट्ट होतं. बाटलीतून थेट गालावर ठिपके देऊ नका. हाताच्या पाठीवर घ्या, बोटानं दोन-तीन वेळा फिरवून उबदार होऊ द्या. सगळ्या चेहऱ्याला मिळून तुरीच्या चार-पाच दाण्यांएवढं पुरतं, विश्वास ठेवा.

स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून फुगू द्या, मग टॉवेलमध्ये गुंडाळून घट्ट पिळा. पाणी ठिबकता कामा नये, पण हाताला गार लागला पाहिजे. आता दाबा आणि उचला, दाबा आणि उचला. ओढायचं नाही, पुसायचं नाही. ब्रशनं गोल गोल फिरवण्याची रीत उन्हाळ्यात सुंदर काम करते, पण पापुद्र्यांवर ब्रशचे केस प्रत्येक कड उलटी करतात.

सुरुवात गालाच्या मध्यापासून करा आणि बाहेर जा. नाकाच्या कडांना आणि हनुवटीला शेवटी, स्पंजवर जे उरलंय तेवढंच. नव्यानं काही घ्यायचं नाही. जिथे पापुद्रा अजूनही दिसतोय तिथे फाउंडेशन लावूच नका. हे ऐकून मुली थबकतात. पण त्या इवल्याशा जागेची उघडी त्वचा कोणालाही दिसत नाही, रंगाची पपडी मात्र दोन हातांवरून दिसते. बाजूच्या भागाचा रंग जुळलेला असला की नजर तिथे अडकत नाही.

फाउंडेशन दाटच असेल आणि दुसरं घ्यायचं नसेल, तर हातावर घेतलेल्या फाउंडेशनमध्ये क्रीमचा छोटासा ठिपका किंवा स्क्वालेनचा एक थेंब कालवा. बाटलीत ओतू नका. सनस्क्रीन कालवू नका, तिचा थर एकसारखा बसत नाही आणि संरक्षण हुकतं.

डाग झाकायला सगळीकडे फाउंडेशन वाढवण्यापेक्षा त्या डागापुरता कन्सीलर टोचा. डोळ्यांखाली तर मुगाच्या डाळीएवढाच, आतल्या कोपऱ्याशी.

पावडर

कोरड्या त्वचेचा मेकअप बिघडतो तो बहुतेक इथेच. कॉम्पॅक्टचा पफ सगळ्या चेहऱ्यावर थापायची सवय आपल्याकडे आया-मावश्यांपासून आली आहे, आणि चेहऱ्यावर फक्त पावडरच असायची तेव्हा ती चालूनही जायची. फाउंडेशनवर तोच हात चालवला की बेस फाटतो.

लहान मऊ ब्रश घ्या, आयशॅडोचा मोठा ब्रशही चालेल. बारीक दळलेली लूज पावडर त्यावर घेऊन ब्रश मनगटावर झटका. नाकाच्या बाजू, कपाळाचा मध्य आणि डोळ्यांखालची रेष, बस. गाल सोडा. गालावर थोडी चमक राहिली तर ती निरोगी दिसते, ती घालवू नका.

ब्लश आणि हायलायटर क्रीमचे घ्या आणि पावडरच्या आधी लावा. बोटानं थोपटले तरी चालतात. आयशॅडोचं फारसं बिघडत नाही. ओठांवर मात्र मॅट लिक्विड लिपस्टिक थंडीत हमखास चिरते. मेकअपला बसताना ओठांना बाम लावून ठेवा, लिपस्टिकच्या वेळी तो टिपून काढा आणि सॅटिन किंवा क्रीम लिपस्टिक लावा. ओठ जिभेनं ओले करू नका, लाळ सुकताना ओठातलं पाणीही घेऊन जाते.

नवरी असेल तर

हळदीचा कार्यक्रम आदल्या दिवशी असतो आणि मेकअप करणारीची खरी कसोटी तिथे लागते. पाण्यात कालवलेली हळद चेहऱ्यावर सुकते, त्वचा ओढते, आणि रात्री ती घालवण्यासाठी मैत्रिणी साबण, बेसन, लिंबू सगळं चोळतात. सकाळी माझ्यासमोर येते ती पिवळसर, लालसर, सोललेली त्वचा.

हळदीतला पिवळा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. त्यामुळे दोन गोष्टी करा. हळद लागण्याआधी नवरीच्या चेहऱ्याला आणि मानेला पेट्रोलियम जेली किंवा तेलाचा पातळ हात द्या, आणि हळद शक्यतो तेलात कालवायला घरच्यांना सांगा. रात्री चेहऱ्यावर तेल लावून दोन-तीन मिनिटं हलकं फिरवा, कापसानं टिपा, मग सौम्य क्लेन्झर. थोडी पिवळी झाक राहिली तर राहू द्या, फाउंडेशन ती झाकतं. सोललेली त्वचा ते झाकत नाही.

लग्नाच्या दिवशी होमाची धग आहे. नवरी विधीला बसते तेव्हा एका बाजूचा गाल सतत तापतो आणि तिकडचा बेस आधी सुकतो. तिकडे पावडर टाळा. मुंडावळ्या कपाळाला आणि कानशिलांना घासतात, नथ नाकपुडीशी हलते. या तीन जागांवर थर जितका पातळ तितका तो टिकतो. टिकली काढून परत लावताना गोंदाबरोबर साल निघते, म्हणून लावायची ती एकदाच आणि शेवटी.

कार्यक्रमात बेस फाटला तर

पर्समध्ये कॉम्पॅक्ट ठेवता त्याऐवजी छोट्या डबीत थोडी क्रीम आणि एक स्वच्छ स्पंजाचा तुकडा ठेवा. फाटलेल्या जागेवर आधी टिश्यू दाबा. स्पंजाच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी क्रीम लावा, हाताच्या पाठीवर टिपून जवळजवळ संपवा, आणि मग त्या जागी दाबा. साचलेला रंग मऊ होऊन परत पसरतो. नखानं पापुद्रा उपटू नका, तिथे लाल ठिपका पडेल आणि मग काहीच बसणार नाही. मेकअप बसवायला वरून मारायचा सेटिंग स्प्रे असेल तर ग्लिसरीनवाला, भरपूर अल्कोहोलवाला नको.

हा कोरडेपणा नसेल तर

महिनाभर नीट काळजी घेऊनही पापुद्रे त्याच जागी येत असतील, तर थांबा. नाकाच्या कडा, भुवया, केसांची रेघ, कानामागे पिवळसर तेलकट पापुद्रे, खाली लाली आणि डोक्यात कोंडा असेल, तर तो सेबोऱ्हिक डर्मटायटिस असू शकतो. त्यावर तेल चोळलं तर तो वाढतो. खाज, चिरा, पाणी सुटणं, जाड रुपेरी खवले, हेही मेकअपनं झाकायचे प्रकार नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

आणि एक विनंती मनापासून. औषधाच्या दुकानातून कोणी सांगितलं म्हणून आणलेली 'गोरं करणारी' किंवा 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब चेहऱ्याला लावू नका. तिच्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं एखादं नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. सुरुवातीला चेहरा तुकतुकीत दिसतो, मग त्वचा पातळ होते, लाल राहते, उन्हात जळजळते. काही महिने वापरत असाल तर एकदम सोडूनही देऊ नका, डॉक्टरांना दाखवून सोडा. अशा चेहऱ्यावर मेकअप करताना माझा हात थरथरतो, कारण तिथे माझं कुठलंच कसब उपयोगाला येत नाही.

रात्री उतरवताना

कितीही दमलेल्या असाल तरी मेकअपसकट झोपू नका, आणि वाइप्सनं खसाखसा पुसूही नका. कोरड्या हातावर तेल किंवा क्लेन्झिंग बाम घ्या, कोरड्या चेहऱ्यावरच मिनिटभर फिरवा, मग थोडं पाणी घालून दुधाळ होऊ द्या आणि धुवा. साधं तेल असेल तर ओल्या मऊ कापडानं टिपून घ्या. नंतर सौम्य क्लेन्झर एकदा. टॉवेलनं टिपा, आणि चेहरा ओला आहे तोवर तिथेच, बाथरूममध्ये, क्रीमचा डबा उघडा.